नवी मुंबईत भाड्याचं घर शोधताना: आधी लाईन ठरवा, मग स्टेशन, सेक्टर सगळ्यात शेवटी

नवी मुंबईत नोकरी लागली की पहिला फोन गावाकडून आधीच इथे आलेल्या ओळखीच्या माणसाला जातो. तो सांगतो, "खारघरला बघ, मोकळं आहे." दुसरा सांगतो, "घणसोलीला ये, आपलीच माणसं आहेत." सल्ला कोणाचाच चुकीचा नसतो, फक्त तो देणाऱ्याच्या ऑफिसला धरून असतो. बेलापूरला काम करणाऱ्याला खारघर जवळ पडतं. महापेच्या कंपनीत दोन शिफ्टमध्ये काम करणाऱ्याचा खारघरहून रोज दम निघतो. त्यामुळे "स्वस्त एरिया कुठला?" हा प्रश्न तसा विचारून उपयोग नाही. तो "माझ्या कंपनीच्या गेटपासून स्वस्त एरिया कुठला?" असा विचारायचा.

हे लिहितोय ते नव्याने येणाऱ्यांसाठी, पगार बेताचा असलेल्यांसाठी आणि मुख्यतः नवी मुंबईबद्दल. ठाण्याकडचे पर्याय मध्ये येतील, पण ओझरते.

पहिलं काम: ऑफिस रुळाच्या कोणत्या बाजूला आहे ते बघा

सिडको या सरकारी महामंडळाने १९७० पासून हे शहर नोड, म्हणजे छोटी उपनगरं, पाडून वसवलं. बहुतेक नोडांना स्वतःचं स्टेशन, बाजार, शाळा. उत्तरेकडे, म्हणजे दिघ्यापासून तुर्भ्यापर्यंत, रचना सरळ आहे: मधून ठाणे-बेलापूर रस्ता आणि त्याला समांतर रेल्वे. पूर्वेला डोंगराच्या बाजूला एमआयडीसी, पश्चिमेला खाडीच्या बाजूला राहायचे सेक्टर. दिघा, ऐरोली, रबाळे, घणसोली, महापे, तुर्भे इथल्या बहुतेक कंपन्या पूर्वेला आहेत. म्हणजे रोजचा प्रवास घर ते स्टेशन आणि स्टेशन ते स्टेशन एवढ्यावर संपत नाही. स्टेशनबाहेर पडून एमआयडीसीत आत शिरायचा तुकडा राहतो, आणि वेळ तिथेच जातो. सकाळी नऊला शेअर रिक्षाची रांग किती असते, कंपनीची बस स्टेशनवर येते का, एनएमएमटीची बस किती वेळाने आहे, हे कंपनीतल्या कुणाला तरी विचारून ठेवा. एचआरला विचारू नका, तो गाडीने येतो. शिपायाला विचारा.

आता लाईन. ठाण्याहून येणारी ट्रान्स हार्बर लाईन तुर्भ्यानंतर फुटते. एक फाटा सानपाडा-वाशीला जातो, दुसरा जुईनगर-नेरूळवरून पनवेलला. म्हणजे ठाणे-पनवेल गाडी सानपाड्याला थांबत नाही आणि ठाणे-वाशी गाडी जुईनगरला जात नाही. नवखा माणूस पहिल्या आठवड्यात इथेच फसतो. हार्बर लाईन सीएसएमटीहून वाशी, नेरूळ, बेलापूरमार्गे पनवेलला जाते. तिसरी लाईन नेरूळ आणि बेलापूरहून उरणला जाते, तिच्यावर उलवे लागतं. आणि १७ नोव्हेंबर २०२३ पासून बेलापूर ते पेंधर मेट्रो सुरू आहे. ती खारघरच्या आतल्या सेक्टरांना आणि तळोज्याला बेलापूरशी जोडते.

कागदावर हा नकाशा एकदा स्वतःच्या हाताने काढा. मोबाईलच्या नकाशावर अंतर किलोमीटरमध्ये दिसतं, गाडी कुठे बदलावी लागते ते डोक्यात बसत नाही. नियम साधा ठेवा: एकापेक्षा जास्त वेळा गाडी बदलावी लागत असेल तर तो नोड यादीतून काढा, भाडं कितीही कमी असो.

भाडं एकटं बघू नका

समजा नोकरी महापेला आहे. तळोज्यात वन बीएचके ९,००० ला मिळतोय आणि तसाच घणसोलीत १६,००० ला. हे आकडे समजुतीसाठी घेतलेत, तुमचे खरे घालून बघा. वरवर महिन्याला ७,००० वाचतात.

आता तळोज्याचा प्रवास मांडा. घरापासून मेट्रो स्टेशनपर्यंत शेअर रिक्षा, जाऊन-येऊन ३०. पेंधर ते बेलापूर मेट्रो ३०, म्हणजे दोन्ही वेळचे ६०. बेलापूरहून घणसोलीपर्यंत लोकल, तिचा पास दुसऱ्या वर्गाचा काढला तर महिन्याला काही शेच पडतात, अडीचशे धरू. पुढे स्टेशन ते कंपनी शेअर रिक्षा, दोन्ही वेळचे ४०. दिवसाचे १३०, पंचवीस दिवसांचे ३,२५०, पास धरून ३,५००. घणसोलीत राहिलात तर फक्त शेवटचा तुकडा, महिन्याला १,०००. फरक अडीच हजारांचा. म्हणजे सात हजारांतले साडेचारच खरे वाचले.

घरात दोघं नोकरीला जाणारे असतील आणि दोघांची ऑफिसं याच पट्ट्यात असतील, तर उरतात दोन हजार. त्या दोन हजारांसाठी दोघांनी रोज दोन-दोन तास जादा उभं राहायचं. पाळणाघर सात वाजता बंद होत असेल तर हा हिशेबच मोडतो.

पण उलटंही घडतं. ऑफिस बेलापूरला असेल तर तळोज्याहून एक मेट्रो आणि संपलं. तेव्हा तोच तळोजा शहाणपणाचा ठरतो. म्हणून म्हणतो, आधी गेट.

नोडांची ओळख

भाव सांगत नाही, कारण सहा महिन्यांत बदलतात आणि एकाच सेक्टरात रस्ता ओलांडला की बदलतात. उतरंड मात्र बरीचशी ठरलेली आहे. वाशी, सीवूड्सचा पामबीचकडचा भाग आणि नेरूळ-बेलापूरचे चांगले सेक्टर वरच्या टोकाला. ऐरोली आणि सानपाडा त्याखाली. मग कोपरखैरणे, घणसोली, खारघर. त्याखाली कामोठे, नवीन पनवेल, कळंबोली, उलवे, करंजाडे. आणि सगळ्यात खाली तळोजा आणि द्रोणागिरी.

कोपरखैरणे हा माझ्या मते बेताच्या पगारासाठी सगळ्यात कमी लेखला गेलेला नोड आहे. वाशीच्या घाऊक (एपीएमसी) मार्केटमध्ये काम करणाऱ्या माथाडी कामगारांची मोठी वस्ती इथे आहे, त्यामुळे सातारा, सांगली, जुन्नरकडची माणसं पावलोपावली भेटतात. सिडकोने दिलेल्या लहान प्लॉटांवर लोकांनी दोन-तीन मजले चढवलेत. घरमालक तळमजल्यावर, वर भाडेकरू. अशा घरात सोसायटी नाही, मेंटेनन्स नाही, लिफ्ट नाही, आणि बहुतेकदा एजंटही लागत नाही. दारावर "रूम भाड्याने देणे आहे" असं खडूने लिहिलेलं असतं. गाडी लावायला जागा मात्र विसरा. आणि भिंतीला भिंत असल्याने मधल्या घरात दिवसाही दिवा लागतो, खिडकी कुठे उघडते ते बघितल्याशिवाय हो म्हणू नका.

घणसोलीत गावठाण आणि सेक्टर एकमेकांत मिसळलेत, वन आरके (एक खोली आणि स्वयंपाकघर) भरपूर. सेक्टर ९ मधली सिडकोची घरोंदा वसाहत आणि सेक्टर ७ मधलं सिम्प्लेक्स ही नावं लक्षात ठेवा, कारण पत्ता सांगताना सगळे तीच सांगतात. ऐरोलीत भाडं चढं आहे. स्टेशनच्या पूर्वेला आयटी पार्क, शिवाय खाडीपुलावरून मुलुंड जवळ, म्हणून मागणी कायम. ऐरोलीचे बरेच सेक्टर स्टेशनपासून चालण्याच्या अंतरात नाहीत, हे घर दाखवणारा सांगत नाही.

ऐरोली-रबाळ्याला नोकरी असणारे बरेच जण रेल्वेच्या त्या टोकाला, म्हणजे कळवा, दिवा, डोंबिवलीला घर घेतात. दिव्यात भाडं कमी पडतं, यात शंका नाही. पण सकाळच्या वेळी दिव्याहून ठाण्याला जाणाऱ्या लोकलमध्ये चढणं म्हणजे काय, हे सही करण्याआधी एकदा सोमवारी साडेआठला स्वतः अनुभवा. रविवारी नव्हे. ठाण्याला उतरून ट्रान्स हार्बरच्या फलाटावर जायचं, ते वेगळंच. १२ जानेवारी २०२४ ला दिघा गाव स्टेशन सुरू झालं, त्यामुळे दिघ्याकडच्यांना थोडं सोपं झालंय.

नेरूळला हार्बर, ट्रान्स हार्बर आणि उरण, तिन्ही लाईनच्या गाड्या मिळतात. ज्याची कंपनी दर वर्षी वेगळ्या साईटवर पाठवते, त्याने नेरूळ, नाहीतर शेजारचं जुईनगर धरावं. नेरूळ गाव आणि शिरवणे इथे खोल्या सेक्टरपेक्षा कमी भाड्यात मिळतात. कॉलेजांमुळे कॉट बेसिसची, म्हणजे खोलीतली एक खाट भाड्याने घेण्याची, सोयही मुबलक.

खारघर दिसायला सगळ्यांत देखणं आहे, रस्ते रुंद, मागे डोंगर. पण ते लांबलचक आहे. "स्टेशनपासून दहा मिनिटं" म्हणजे कशाने दहा मिनिटं, हे विचारा. सेक्टर ३४, ३५ कडे राहणाऱ्याला रेल्वे स्टेशनपेक्षा मेट्रो जवळ. सिडकोच्या घरकुल, स्पॅगेटी, वास्तुविहार अशा वसाहतींत भाडं खासगी टॉवरपेक्षा बरं असतं. एक लक्षात ठेवा, टाटाच्या कर्करोग केंद्रामुळे सेक्टर २२ च्या आसपास रुग्णांच्या नातेवाइकांना महिन्या-दोन महिन्यांसाठी खोल्या दिल्या जातात. तिथे दीर्घ मुदतीचं घर मिळवायला जरा जास्त फिरावं लागतं.

कामोठ्याला मानसरोवर आणि खांदेश्वर अशी दोन स्टेशनं दोन टोकांना आहेत. मधल्या सेक्टरांतली घरं तुलनेने स्वस्त. संध्याकाळी डास, हा कामोठ्याचा जुना पाहुणा. कळंबोलीत लोखंडाचा बाजार असल्याने ट्रेलरांची ये-जा, रेल्वे स्टेशन थोडं लांब, पण पुण्याला किंवा गावी जाणारी एसटी दारात. नवीन पनवेलहून लोकल सुटते. ज्याला सीएसएमटीपर्यंत बसून जायचंय त्याच्यासाठी याहून मोठं सुख नाही.

उलव्यात उंच नवे टॉवर, त्या मानाने कमी भाडं, आणि उरण लाईनवर गाड्या कमी. एक चुकली की बराच वेळ बसून राहायचं. नवी मुंबई विमानतळाचं उद्घाटन ८ ऑक्टोबर २०२५ ला झाल्यावर तिथले घरमालक भाड्याबरोबर विमानतळाचंही कौतुक ऐकवतात. तुम्ही विमानतळावर नोकरी करत नसाल तर त्या कौतुकाचे पैसे मोजू नका.

तळोजा फेज १ मेट्रोजवळ आहे, फेज २ साठी आणखी रिक्षा. तळोजा एमआयडीसीचा वास रात्री आणि पहाटे येतो, हे तिथे राहणारा कुणीही सांगेल.

गावठाण की सेक्टर?

इथे जरा थांबावं लागेल, कारण खरी स्वस्ताई गावठाणात आहे आणि खरी जोखीमही.

शहर वसवण्यासाठी ठाणे आणि रायगड जिल्ह्यांतल्या ९५ गावांची जमीन घेतली गेली. इथल्या आगरी-कोळी शेतकऱ्यांनी त्यासाठी लढा दिला. जानेवारी १९८४ मध्ये जासईच्या आंदोलनात गोळीबार होऊन पाच जण हुतात्मा झाले. दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखालच्या त्या लढ्यातून पुढे घेतलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड परत देण्याची योजना आली. पण गावातली कुटुंबं वाढली, गावठाणाची हद्द तेवढीच राहिली. मग लोकांनी आपल्या आणि आजूबाजूच्या जागेवर घरं वाढवली, चाळी बांधल्या, इमारती उभ्या केल्या. सरकारी भाषेत आणि स्थानिकांच्या तोंडी यांना "गरजेपोटी बांधलेली घरं" म्हणतात. ती नियमित करण्याचा प्रश्न वर्षानुवर्षं चालू आहे.

भाडेकरूच्या दृष्टीने यात दोन वेगळे प्रकार आहेत आणि त्यांची गल्लत करू नका. एक, गावातल्या कुटुंबाचं स्वतःचं घर, खाली घरमालक राहतो, वरच्या खोल्या भाड्याने. इथे सहसा भीती नसते. घरमालकीण तुमची चौकशी करते, सणाला तांदळाची भाकरी आणि माशाचं कालवण देते, आणि रात्री उशिरा आलात तर जाबही विचारते. दुसरा प्रकार, बाहेरच्या बिल्डरने गावठाणाच्या कडेला घाईने उभी केलेली चार-पाच मजली इमारत, जिच्या मालकाला रहिवाशांनी पाहिलेलं नसतं. २०१५ मध्ये उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर दिघ्यातल्या अशा बेकायदा इमारतींवर कारवाई झाली, आणि तिथल्या रहिवाशांवर बाडबिस्तरा उचलण्याची पाळी आली. भाडेकरूचं नुकसान घर घेणाऱ्याएवढं नसतं, पण डिपॉझिट अडकतं आणि मुलाची शाळा मध्येच सुटते.

म्हणून गावठाणात घर घेताना तीन गोष्टी बघा: घरमालक तिथेच राहतो का, वीज मीटर कुणाच्या नावावर आहे आणि डिपॉझिट किती मागतोय. डिपॉझिट दोन महिन्यांच्या भाड्यापेक्षा जास्त असेल तर गावठाणात देऊ नका. सबमीटर (घरमालकाने आपल्या मीटरवरून काढलेला पोटमीटर) असेल तर युनिटचा दर आधी ठरवा. महावितरणच्या बिलापेक्षा किती तरी जास्त दराने वीज विकणारे महाभाग आहेत.

सेक्टरमधल्या जुन्या सिडको इमारतींबद्दलही एक इशारा. दर वर्षी पावसाळ्यापूर्वी महापालिका धोकादायक इमारतींची यादी प्रसिद्ध करते. त्यात सी-१ म्हणजे राहण्यास अयोग्य, तातडीने रिकामी करायची इमारत. वाशी, नेरूळ, कोपरखैरणे इथल्या जुन्या वसाहतीत कमी भाड्याचं घर मिळालं तर ती यादी बघा आणि "पुनर्विकासाचं काय चाललंय?" हे सोसायटीच्या सेक्रेटरीला विचारा. काही घरमालक इमारत पाडायला जायच्या आदल्या वर्षी भाडं कमी करून भाडेकरू बसवतात. वर्षभराचाच मुक्काम असेल तर तो सौदा वाईट नाही, फक्त माहीत असू द्या.

पाण्याचं विचारा, आणि घरमालकाला विचारू नका

दिघा ते बेलापूर हा भाग नवी मुंबई महापालिकेत येतो आणि पालिकेचं स्वतःचं मोरबे धरण आहे. त्यामुळे पाण्याच्या बाबतीत हा पट्टा सुखी. खारघर, कामोठे, कळंबोली, पनवेल, तळोजा हा पट्टा २०१६ मध्ये स्थापन झालेल्या पनवेल महापालिकेत. तिथे पाणी सिडको आणि जीवन प्राधिकरणाकडून येतं आणि उन्हाळ्यात टंचाई होते. उलवे, करंजाडे, तळोजा इथे एप्रिल-मेमध्ये टँकर दिसणं नवलाचं नाही. टँकरचे पैसे मेंटेनन्समध्ये मिळवले जातात का, आणि ते भरायचे कुणी, हे करार होण्याआधी बोलून घ्या. मेंटेनन्स "भाड्यात धरून" असेल तर टँकरही धरून आहे, हे लिहून घ्या.

घरमालक म्हणेल, "पाणी चोवीस तास." टाकीत आहे तोवर नळाला येतंच. खरं उत्तर वॉचमन, इस्त्रीवाला आणि समोरच्या मजल्यावरची बाई यांच्याकडे. विचारायचं असं: मे महिन्यात पाणी किती वेळ होतं?

बघायला एकदा दुपारी आणि एकदा रात्री दहानंतर जा. एमआयडीसीला लागून असलेल्या भागांत हवेला वास रात्रीच येतो. पावसाळ्यात घर शोधत असाल तर उत्तम. खाडीलगतचे बरेच नोड सखल जमिनीवर आहेत, म्हणूनच सिडकोने धारण तलाव (पावसाचं पाणी तात्पुरतं साठवायचे तलाव) ठेवले. भरतीच्या वेळी जोराचा पाऊस आला की कोणत्या गल्लीत पाणी साचतं ते दिसतं. तळमजला घेताना भिंतीवर गुडघ्याएवढ्या उंचीवर नवा रंग मारलाय का बघा.

शोधायचं कसं

घाई नसेल तर पहिला महिना कॉट बेसिसवर किंवा पीजीत काढा. लांबून, गावी बसून, फोटो बघून घर पक्कं करू नका. महिनाभर कंपनीत जा-ये केली की नकाशा पायांत उतरतो, आणि शनिवार-रविवार घरं बघायला मोकळे.

मग दोन-तीन सेक्टर ठरवा आणि पायी फिरा. किराणा दुकानदार, इस्त्रीवाला, सोसायटीच्या गेटवरचा वॉचमन, दूधवाला. यांना सांगून ठेवलं की एजंटशिवाय घर मिळण्याची शक्यता वाढते. कंपनीतल्या ग्रुपवर, गावाकडच्या मंडळाच्या ग्रुपवर टाका. नवी मुंबईत प्रत्येक तालुक्याचं एक मंडळ असतंच.

एजंट लागलाच तर दलाली एक महिन्याचं भाडं हा चालू रिवाज. घर दाखवण्याचे पैसे मागणाऱ्याकडे जाऊच नका. दलाली करार झाल्यावरच, आणि त्याची पावती घ्या. एजंट तुम्हाला नेहमी आधी दोन वाईट घरं दाखवतो आणि मग तिसरं. तिसरं बघताना पहिली दोन विसरून बघा.

ऑनलाइन जाहिरातींत एक जुनी लबाडी अजून चालते. मालक म्हणतो, "मी लष्करात आहे, बदली झाली, चावी गेटवर आहे, आधी टोकन पाठवा." ओळखपत्राचा फोटोही पाठवतो. घर आतून बघितल्याशिवाय आणि मालकाला भेटल्याशिवाय एक रुपया पाठवू नका. आणि पैसे घेण्यासाठी क्यूआर कोड स्कॅन करावा लागत नाही, फक्त देण्यासाठी करावा लागतो. फसलातच तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा.

दुसरी, जास्त महागात पडणारी भानगड म्हणजे हेवी डिपॉझिट. एकदाच मोठी रक्कम द्या, भाडं नाही, जाताना सगळे पैसे परत, असा व्यवहार. ऐकायला गोड. पण बऱ्याच वेळा मधला माणूसच ते घर मूळ मालकाकडून महिन्याच्या भाड्याने घेतो, तुमच्याकडून चार-पाच लाख उचलतो, काही महिने मालकाला भाडं भरतो आणि मग नाहीसा होतो. मालक दारात येतो तेव्हा कळतं की मालक हा आहे. करायचंच असेल तर रक्कम चेकने किंवा बँकेतून, थेट मालकाच्या खात्यात, नोंदणीकृत करारात नमूद करून. एवढ्याला समोरचा कां-कू करत असेल तर उठा.

बॅचलर असाल, किंवा एकट्या राहणाऱ्या मुली असाल, तर काही सोसायट्यांत नकार ऐकावा लागेल. आडनाव, जेवण यांवरून आडवळणाने प्रश्न येतील. सोसायटीच्या आदर्श उपविधीनुसार घर भाड्याने देताना सभासदाने सोसायटीला कळवायचं असतं, परवानगी मागायची नसते. पण हा वाद घरमालकाने घालायचा. तो घालायला तयार नसेल तर पुढे चला. अशा ठिकाणी हट्टाने शिरून रोज जिन्यात तोंडं बघण्यापेक्षा कोपरखैरण्याचा वरचा मजला बरा.

मालक खरा आहे का?

वीजबिल, मालमत्ता कराची पावती आणि सूची क्रमांक दोन (इंडेक्स टू, घराच्या खरेदी-नोंदणीचा उतारा), हे तिन्ही बघायला मागा. सिडकोच्या जुन्या घरांत एक गुंता आढळतो: घर मुखत्यारपत्रावर दोन-तीनदा विकलं गेलेलं, आणि कागदावर अजून पहिल्याच माणसाचं नाव. अशा घरात आज जो मालक म्हणून वावरतो त्याच्याकडचं मुखत्यारपत्र बघा आणि सोसायटीचा भाग दाखला (शेअर सर्टिफिकेट) कुणाच्या नावावर आहे ते विचारा. वीजबिलावर थकबाकी नाही ना, हेही त्याच बैठकीत.

करार

महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे लिव्ह अँड लायसन्स करार (आपण ज्याला भाडेकरार म्हणतो तो) लेखी आणि नोंदणीकृत हवा, आणि नोंदणी करून घेण्याची जबाबदारी घरमालकाची आहे. नोंदणी नसेल आणि वाद झाला तर अटींबाबत भाडेकरूचं म्हणणं खरं धरलं जातं, उलट सिद्ध होईपर्यंत. शंभर-पाचशेच्या स्टॅम्पपेपरवर नोटरी केलेला करार दाखवून "इथे असंच चालतं" म्हणणाऱ्याला हे शांतपणे सांगा.

खर्चाची भीती दाखवली जाते, पण तो फार नाही. मुद्रांक शुल्क ०.२५ टक्के: मुदतीतलं एकूण भाडं, अधिक परत मिळणाऱ्या डिपॉझिटवर वर्षाला १० टक्क्यांनी धरलेलं व्याज, या बेरजेवर. १६,००० भाडं, ६०,००० डिपॉझिट आणि ११ महिने धरले तर बेरीज १,८१,५०० आणि शुल्क साडेचारशेच्या आसपास. महापालिका हद्दीत नोंदणी फी १,०००. वर ऑनलाइन नोंदणीसाठी घरी येऊन अंगठा घेणाऱ्या माणसाचे पैसे. ते तो जमेल तेवढे मागतो, दोघा-तिघांकडे विचारून ठरवा.

आता एक गोष्ट जी एजंट आपणहून सांगणार नाही. करार अकराच महिन्यांचा असावा असं कुठेही बंधन नाही. याच दराने तो ६० महिन्यांपर्यंत करता येतो. वरच्याच उदाहरणात ३६ महिने घेतले तर मुद्रांक शुल्क दीड हजाराच्या आत, नोंदणी फी तेवढीच. दर वर्षी नव्या कराराची धावपळ आणि नूतनीकरणाची अर्धी दलाली वाचते. भाडेवाढ किती, पाच टक्के की आणखी काही, हे आधीच लिहिलं जातं. मध्ये सोडायचं असेल तर एक महिन्याच्या नोटिशीचं कलम आणि लॉक-इन (ज्या काळात घर सोडता येत नाही तो) शक्य तितका कमी ठेवा. मात्र मुदत संपल्यावर घर अडवून बसू नका. कलम २४ खाली दुप्पट दराने नुकसानभरपाई लागू शकते.

करारात डिपॉझिट कधी परत मिळणार याची तारीख नसते, ती घालून घ्या: चावी देताना, त्याच दिवशी. रंगकामाचे पैसे कापणार असतील तर किती, तेही. पोलिसांकडे भाडेकरूची माहिती देणं हे घरमालकाचं काम आहे. तो ते तुमच्यावर ढकलेल आणि तुम्ही ते ऑनलाइन करून टाकाल, हरकत नाही, पोच जपून ठेवा. ती नंतर कामी येऊ शकते.

ताबा घेताना

सामान आणण्याआधी रिकाम्या घराचा व्हिडिओ काढा आणि घरमालकाला व्हॉट्सॲपवर पाठवा: भिंतीची ओल, फुटलेली फरशी, मोरीचा नळ, गिझर, पंखे, मीटरचं रीडिंग. कुलूप बदला, जुन्या भाडेकरूकडे चावी असू शकते. सोसायटी सामान चढवण्याचे पैसे घेते का आणि रविवारी लिफ्ट वापरू देते का, हे टेम्पोवाल्याला वेळ देण्याआधी विचारा. भाडं दर महिन्याला बँकेतून द्या, घरमालकाला रोख हवी असली तरी. सोडताना नोटीस लेखी द्या, मेसेज असला तरी चालेल, आणि शेवटच्या महिन्याचं वीजबिल मीटरच्या रीडिंगवर दोघांनी मिळून ठरवा, नाहीतर "बिल आलं की देतो" म्हणत डिपॉझिटमधले दोन-तीन हजार लटकून राहतात.